पोरगं शाळेत टिकत नसेल तर

ताई, शाळेतून नाव काढायची घाई नको. आधी जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी केंद्र गाठा, म्हणजे पोरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासायचं केंद्र. अंगणवाडीत अन् शाळेत येणारं आरोग्य पथकच तिथली चिठ्ठी देतं. ऑटिझम (स्वमग्नता) किंवा वाचन-लेखनाची अक्षमता निघाली, तर दोन्ही २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत येतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र अन् यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र, काढा. ‘पोराला शिक्का बसंल’ म्हणणारे भेटतीलच, म्हणू द्या. परीक्षेत जादा वेळ अन् लेखनिक मागताना प्रमाणपत्रच कामी येतं.

थेरपीसाठी नागपूर-अमरावतीला दर आठवड्याला जाणं आपल्याला परवडत नाही. म्हणून थेरपिस्टला घरची कामं सांगा अन् त्यातूनच व्यायाम बसवून घ्या. ढेपीचं टोपलं उचलणं, विहिरीचं पाणी शेंदणं, पोतं ओढणं, अशा जोराच्या कामांनी स्नायूंना दाब मिळतो. बरीच चुळबुळी पोरं त्यानंतर घटकाभर एका जागी बसतात. पाटी तेव्हा काढा. तुरीच्या घमेल्यात लपवलेली अक्षरं शोधायला लावा. औषध लावलेलं बियाणं मात्र चुकूनही हाती देऊ नका. अन् कापसाचा स्पर्श सहन होत नसेल, तर तो हट्ट समजू नका.

शाळेशी अर्ध्या दिवसाचं बोलून बघा. अगदीच जमलं नाही, तर एनआयओएस, म्हणजे घरी शिकून परीक्षा देता येणारी राष्ट्रीय मुक्त शाळा, आहे: १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला नोंदणी, पाच वर्षांत नऊ संधी, एकेक विषय सोडवता येतो. ‘ऑटिझम मुळासकट घालवतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. त्यापेक्षा बसभाड्याला ठेवा.