वाचकांचे प्रश्न : गाडीला घरीच पार्किंग सेन्सर बसवताना

प्रश्न : आमची हॅचबॅक गाडी २०१६ सालची असून तिला मागे सेन्सर नाहीत. इमारतीच्या पार्किंगमध्ये आमच्या जागेच्या मागेच खांब असल्याने बंपर दोनदा घासला गेला. आता चार सेन्सरचा संच आणला आहे. घरी ड्रिल मशीन आहे आणि विजेची किरकोळ कामे मला येतात, परंतु बंपरला भोके पाडण्यास हात धजत नाही. ती नेमकी कुठे पाडावीत, वायर कोठून न्यावी आणि दिंडोरीकडील आमच्या द्राक्षबागेत या सेन्सरचा उपयोग होईल का, याविषयी मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : हे काम घरी होण्यासारखे आहे आणि आपण ते अवश्य करावे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागचे सेन्सर बंधनकारक झाले. आपली गाडी त्याआधीची असल्यामुळे ते वेगळे बसवावे लागत आहेत. मात्र या कामात ड्रिल चालवण्यापेक्षा जागा ठरवण्याला अधिक महत्त्व आहे. वायर चुकली तर ती पुन्हा जोडता येते, पण चुकीच्या जागी पडलेले भोक बुजवण्यासाठी डेंटर-पेंटरकडेच जावे लागते.

सेन्सरच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा साधारणपणे ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि मागच्या वस्तूवर आपटून आलेला प्रतिध्वनी तोच पडदा टिपतो. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने एक मीटरवरील खांबाचा प्रतिध्वनी जवळपास सहा मिलिसेकंदांत परततो आणि या वेळेवरून कंट्रोल युनिट अंतर काढते. हा ध्वनी पसरत जातो. त्यामुळे सेन्सर फार खाली बसला तर तो जमिनीचाच प्रतिध्वनी पकडून विनाकारण वाजत राहतो, आणि फार वर बसला तर खालचा दगड किंवा पार्किंगमधला बुटका कठडा त्याच्या नजरेतून सुटतो. म्हणून जमिनीपासून साधारण ५० ते ६० सेंटिमीटर उंची योग्य ठरते. सेन्सरच्या मागे वरची बाजू दाखवणारा बाण असतो, तो वरच असला पाहिजे. बहुतेक सेन्सरचा ध्वनी आडवा अधिक आणि उभा कमी पसरतो, त्यामुळे सेन्सर आडवा फिरला की तो जमीन पाहू लागतो.

भोक पाडण्याआधी संपूर्ण संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर तात्पुरता जोडून चारही सेन्सर वाजतात याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर एक सेन्सर निवडलेल्या उंचीवर बंपरला टेकवून, तोंड मागे करून हाताने धरावा आणि मागे काहीही नसताना तो गप्प राहतो का, हे पाहावे. आपण बागेतून माल भरून आणत असाल तर ही चाचणी डिकीत तेवढे वजन ठेवूनही करावी, कारण मागचा भाग दबला की सेन्सरचे तोंड खाली झुकते. एवढी चाचणी केली तर हात न धजण्याचे कारण उरणार नाही.

आता भोके. बंपरवर मास्किंग टेप लावून तीवर खुणा कराव्यात. टोकाचे दोन सेन्सर बंपरचे वळण सुरू होण्याच्या थोडे आत आणि उरलेले दोन समान अंतरावर घ्यावेत. प्रत्येक खुणेच्या मागे लोखंडी पट्टी, फोम किंवा वायरिंग नाही ना, हे खालून हात घालून तपासावे. आधी बारीक भोक पाडून मग संचासोबत आलेले गोल कटर कमी वेगाने, बाहेरून आत, फारसा जोर न देता चालवावे. कटर बहुधा संचातच असते. सेन्सरची मापे वेगवेगळी असल्यामुळे बाजारातून दुसरे आणू नये. कडा बारीक पॉलिश पेपरने साफ कराव्यात. सेन्सर गाडीच्या रंगाचे हवे असल्यास रंगाचा अगदी पातळ हात द्यावा, कारण जाड थराने पडद्याचे कंपन मंदावते.

वायरिंगसाठी बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी आणि केवळ तपासणीपुरतीच ती जोडावी. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चावी ऑन आणि गिअर रिव्हर्समध्ये असताना रिव्हर्स लाइटच्या ज्या तारेत मल्टिमीटर सुमारे १२ व्होल्ट दाखवतो आणि गिअर काढताच शून्य दाखवतो, तीच आपली धन तार होय. तिच्यावर लहान फ्यूज घालूनच कंट्रोल युनिट जोडावे. सेन्सरच्या तारा डिकीत नेण्यासाठी पत्र्याला नवे भोक पाडू नये. बहुतेक गाड्यांत तेथे रबरी बूच असते, त्यातून त्या नेऊन सिलिकॉनने फट बंद करावी. तारा सायलेन्सरपासून दूर बांधाव्यात आणि आत शिरण्याआधी त्यांना खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून आत न जाता खालीच गळेल. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर हे काम गॅरेजकडेच सोपवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बागेविषयी मात्र सावध राहावे. सपाट भिंत आणि रुंद खांब सेन्सरला चांगले कळतात, परंतु द्राक्षाच्या मांडवाची तार आणि बारीक लोखंडी अँगल यांचा प्रतिध्वनी इतका क्षीण असतो की पुष्कळदा इशाराच मिळत नाही. गोणपाटासारख्या मऊ वस्तू ध्वनी शोषून घेतात. शिवाय साधारण ३० सेंटिमीटरच्या आत आलेली वस्तू सेन्सरला नीट मोजता येत नाही, कारण ध्वनी सोडल्यानंतर पडदा क्षणभर थरथरत असतो आणि इतक्या जवळचा प्रतिध्वनी सुमारे पावणेदोन मिलिसेकंदांत, ती थरथर थांबण्याआधीच परततो. शेतात गाडी मागे घेताना कोणीतरी खाली उतरून मागे उभे राहावे. अंगणात लहान मुले खेळत असतील तर हे कधीही टाळू नये. बंपरच्या खाली वाकलेले मूल सेन्सरला दिसेलच असे नाही.

प्रश्न : माझ्या गाडीचे सेन्सर उन्हाळ्यात व्यवस्थित चालतात, पावसाळ्यात मात्र रिव्हर्स टाकताच सतत वाजतात. ते बदलावे लागतील का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : लगेच बदलू नयेत. सेन्सरच्या तोंडावर चिखल किंवा पाण्याचा थेंब अडकला की त्याला तीच जवळची वस्तू वाटते. ओल्या मऊ कापडाने तोंड पुसून पाहावे. प्रेशर वॉशरचा झोत मात्र जवळून मारू नये. पुसल्यावरही आवाज थांबला नाही तर रिव्हर्स गिअर टाकून, चावी ऑन, इंजिन बंद आणि हँडब्रेक ओढलेला ठेवून प्रत्येक सेन्सरच्या तोंडाला बोटाने हलका स्पर्श करावा. चालू सेन्सर टकटक अशी थरथर देतो, बिघडलेला देत नाही. सर्व सेन्सर थरथरत असतील तर बंपरच्या आतील जोडण्या उघडून त्यात पाणी साचले आहे का, ते पाहावे. बहुधा दोष तेथेच सापडतो आणि जोडणी वाळवून, स्वच्छ करून पुन्हा घट्ट बसवली की काम भागते.