मुंबईत इतकी गुन्हेगारी असताना तिथले लोक राहतात कसे? भीती वाटत नाही का?

तुमची नोकरी परळला, आई साताऱ्याहून पाठवायला तयार नाही, आणि माजी मंत्री बाबा सिद्दिकींच्या खुनाची बातमी तिने तुम्हाला तीनदा फॉरवर्ड केलीय. मी लालबागची, लग्नानंतर भांडुपला. 'मुंबई स्पिरिट' वगैरे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. बॉम्बस्फोटाच्या दुसऱ्या दिवशी लोक लोकल पकडतात, कारण खाडा पडला की पगार कापतात.

भीती वाटते. फक्त ती कुठे वाटायची हे इथं राहून कळत जातं.

नव्वदच्या दशकात भायखळ्याची दगडी चाळ, म्हणजे अरुण गवळीच्या टोळीचा अड्डा, आमच्यापासून चालत जाण्याइतकी जवळ. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, घोडा म्हणजे पिस्तूल, हे आम्हाला पाढ्यांबरोबरच पाठ झालं. खाली फटाक्यासारखा आवाज आला की आई आधी गॅस बंद करायची (गॅसच का, ते तिलाच ठाऊक), मग आम्हाला गॅलरीतून आत ओढून कडी लावायची. जरा वेळाने एकेक दार किलकिलं व्हायचं आणि पहिला प्रश्न यायचा, "कोणाचा होता?" कुठल्या टोळीचा ते कळलं की पुढे काय होणार याचा अंदाज यायचा, आणि भाजी पुन्हा चुलीवर चढायची.

टोळ्यांतली ही पोरं आभाळातून पडली नव्हती. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. बाप घरी, पोरगा नाक्यावर. आमच्या मजल्यावरचा एक दहावी नापास मुलगा अचानक पांढरे शूज आणि कमरेला पेजर लावून फिरायला लागला. चाळीत कोणी काही विचारलं नाही. उलट गणपतीची वर्गणी त्याच्याकडून दुप्पट घेतली. मग त्याच्या आईने दार लोटून घ्यायला सुरुवात केली. चाळीत भरदिवसा दार बंद म्हणजे काय, ते चाळीत राहिलेल्यालाच समजेल.

जानेवारी 1997 मध्ये त्या संपाचे नेते दत्ता सामंतांना पवईत गोळ्या घातल्या, तेव्हा माझे वडील, जे स्वतः संपात होते, दिवसभर जेवले नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंधेरीत टी-सिरीजचे गुलशन कुमार. पुढे 1999 ला टोळ्यांविरुद्धचा मकोका कायदा आला, पोलिसांच्या एन्काउंटरचा धडाका चालू होताच, आणि टोळ्या हळूहळू रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. त्यातल्या किती चकमकी खऱ्या, हे चाळीत तेव्हा कोणी विचारलं नाही. सगळ्यांना हायसंच वाटलं होतं. 2006 च्या एका चकमकीबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये एका माजी पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप दिली, तेव्हा कुठे चर्चा.

गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या भिंती तशाच राहिल्या. ऑगस्ट 2013 मध्ये शक्ती मिलच्या आवारात एका फोटो-पत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. महालक्ष्मी स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, संध्याकाळच्या ऐन गर्दीच्या वेळी. भिंतीच्या बाहेर हजारो माणसं होती, आत झाडी आणि पडकी शेड. या शहरात मला गर्दीपेक्षा अशी माणसं हटवलेली जागा जास्त घाबरवते. पाडकामाला काढलेली इमारत, पत्रे ठोकलेला प्लॉट, फाटकापलीकडचं यार्ड.

जुलै 2006 चे लोकलमधले स्फोट किंवा 26/11, यांना हा हिशोब लागू पडत नाही. तिथं गर्दीलाच गाठलं होतं. त्याच्यावर माझ्याकडे उपाय नाही आणि कोणाकडे असेल असं वाटत नाही.

तुमच्या आईच्या त्या फॉरवर्डबद्दल बोलायचं, तर ऑक्टोबर 2024 मध्ये वांद्र्याला झाला तो ठरवून, माणूस नेमून केलेला खून होता. तुमची-माझी सुपारी द्यायला कोणाला परवडत नाही. बायकांवरच्या अत्याचारांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो, हे पोलिसांच्याच नोंदी सांगतात, आणि ते साताऱ्यातही तितकंच खरं आहे. आईला हे सांगताना मात्र जपून, नाहीतर ती घराबाहेरच पडू देणार नाही.

आता कामाचं. रात्री लेडीज डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो, म्हणून दुपारी दोन-तीनचा रिकामा डबा मला जास्त खटकतो; अशा वेळी मी सरळ जनरलमध्ये चढते. तातडीच्या मदतीचा 112 नंबर फोनमध्ये ठेवा. आणि गुन्हा कुठल्याही हद्दीत झाला असला तरी पोलीस ठाण्याला झिरो एफआयआर घ्यावा लागतो; "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणाले तर जागचं हलायचं नाही.

भाड्याची खोली एजंट नेहमी दुपारी दाखवतो. अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी एकदा रात्री साडेदहाला स्टेशनपासून तिथपर्यंत चालत जा, मैत्रिणीला घेऊन. वाटेत पानाची टपरी, मेडिकल, इस्त्रीवाला, बाकावरचे म्हातारे दिसले तर खोली लहान असली तरी घ्या. दोन हजार वाचतात म्हणून गोदामांच्या मागची घेऊ नका.