व्ही८ खाली उतरवण्याआधी कागद हातात घ्या

तुमच्याकडे १९८७ सालची, आठ सिलिंडरच्या व्ही८ पेट्रोल इंजिनाची रेंज रोव्हर आहे, भंगारात निघालेल्या लँड रोव्हर डिस्कव्हरीचे २००टीडीआय हे डिझेल इंजिन तुम्ही घेऊन ठेवले आहे, मेकॅनिकशी बोलणे झाले आहे आणि पुढच्या आठवड्यात जुने इंजिन बाहेर काढून नोंदणीचे कागद नंतर सावकाश करायचे, असे तुम्ही लिहिले आहे. ते शेवटचे वाक्य वाचून मी हातातले काम बाजूला ठेवून हे उत्तर लिहायला बसलो, कारण सात वर्षांपूर्वी अशाच गाडीसमोर उभे राहून मीही हेच म्हणालो होतो आणि त्यापायी माझी गाडी अकरा महिने एका जागी उभी राहिली. इंजिन बसवायला मात्र मला तीनच आठवडे लागले होते.

डिझेल का आणि टीडीआयच का, यात मी शिरत नाही; तुमचा त्याचा अभ्यास झालेला दिसतो. निवड योग्य आहे एवढेच सांगतो. डिस्कव्हरीचा सांगाडा मुळात रेंज रोव्हरवरच बेतलेला, दोन्हींचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर) १०० इंचांचा, त्यामुळे डिस्कव्हरीचे इंजिन या गाडीत फारशी ओढाताण न करता बसते. लँड रोव्हरच्याच डिफेंडरच्या २००टीडीआयमध्ये टर्बो वरच्या बाजूला असतो आणि डिस्कव्हरीच्या इंजिनात तो खाली असतो, म्हणून डिफेंडरचे काम केलेल्या माणसाचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका. तुम्हाला कोणी कमिन्सचे ३.९ लिटरचे ४बीटी सुचवले असेल, तर ते उत्तम आणि दणकट इंजिन आहे यात वाद नाही. पण ते साधारण ३४० किलोचे धूड आहे आणि ॲल्युमिनियमच्या व्ही८साठी घडवलेल्या गाडीच्या पुढच्या भागावर ते टाकणे मला पटत नाही.

आता मूळ मुद्दा. मी एका शुक्रवारी रात्री व्ही८ चेनकप्पीला टांगून बाहेर काढले. जागा अपुरी होती, इंजिनाला तेलाची गळती होती आणि ते पुन्हा कधी लागेल असे वाटले नाही, म्हणून रविवारी ते भंगारवाल्याला देऊन टाकले. नवे इंजिन बसवून झाल्यावर मी नोंदणी कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी अर्ज उलटापालटा केला आणि विचारले, "जुने इंजिन गाडीत असतानाची तपासणी कुठे आहे?" मी म्हणालो, इंजिन बदलल्यावरच तपासणी होते असा माझा समज होता. त्यावर त्यांचे उत्तर असे, की पूर्वपरवानगीचा अर्ज जुने इंजिन जागेवर असताना करायचा असतो. गाडीत नोंदीप्रमाणेच इंजिन होते, हे आम्ही आता कशावरून मानायचे? निदान काढलेले इंजिन तरी आणून दाखवा.

मी तिथून थेट भंगाराच्या आवारात गेलो. व्ही८चा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे असतात, त्यामुळे असे इंजिन भंगारात पडून राहत नाही, सगळ्यात आधी तेच फुटते. मला तिथे क्रँकशाफ्ट आणि इनटेकचा अर्धा तुकडा मिळाला. क्रमांक असलेला ब्लॉक दोन दिवसांपूर्वीच वितळायला गेला होता.

त्यानंतर जे सुरू झाले त्याचा राग आजही माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो मी लपवतही नाही. नोंदणीचे टेबल म्हणे, आधी नव्या इंजिनाच्या धुराची चाचणी करून प्रमाणपत्र आणा. चाचणी केंद्र म्हणे, गाडीच्या कागदावर इंधन पेट्रोल लिहिले आहे, आम्ही तिची डिझेलची चाचणी करू शकत नाही, आधी कागदावर बदल करून आणा. मी हे दोन्ही ठिकाणी लेखी द्या म्हणालो, तर दोन्ही ठिकाणी लेखी द्यायला नकार. चौथ्या महिन्यात फाइल सापडत नाही असे सांगण्यात आले. सहाव्या महिन्यात ती दुसऱ्याच टेबलाच्या कपाटात सापडली, तोवर आधीचे अधिकारी बदलून गेले होते आणि नव्या अधिकाऱ्यांनी सगळे पहिल्यापासून विचारले. विमा कंपनीला मी प्रामाणिकपणे बदल कळवला होता, तेव्हा नोंदणीत दुरुस्ती होईपर्यंत संरक्षण लागू होणार नाही असे त्यांचे पत्र आले, म्हणजे गाडी रस्त्यावर काढायची सोयच उरली नाही. त्या अकरा महिन्यांत पुढचे ब्रेक कॅलिपर अडकले, बॅटरी गेली आणि अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी साचून डिझेलमध्ये शेवाळासारखा काळा चिकटा धरला. एका माणसाने पहिल्या दिवशी एक लेखी यादी हातात दिली असती, तर यातले काहीही झाले नसते.

मला यातून बाहेर काढले ते दोन कागदांनी. पहिला म्हणजे स्वतंत्र वाहन अभियंत्याचा अहवाल, ज्यात इंजिनाची बैठक, ब्रेक, इंधनाच्या नळ्या आणि पुढच्या एक्सलवरचा भार तपासल्याची नोंद होती. दुसरा मला उशिरा सुचला. रेंज रोव्हर बनवणाऱ्यांनी १९८६पासून याच बांध्याच्या गाडीत व्हीएम या इटालियन कंपनीचे डिझेल इंजिन दिले होते आणि १९९२च्या सुमारास कारखान्यातूनच २००टीडीआय बसवलेली रेंज रोव्हर विकायला काढली होती. त्या मॉडेलच्या मालक-पुस्तिकेतील तांत्रिक माहितीची पाने मी अर्जाला जोडली आणि पत्रात एवढेच लिहिले, की मागितलेला बदल हा निर्मात्याने स्वतः याच गाडीत केलेला आहे. त्या पत्रानंतर वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पाच आठवड्यांत मंजुरी दिली. तुम्ही ती पाने पहिल्याच अर्जाला जोडा.

हे सगळे माझ्या अनुभवावरून सांगतो आहे. मी वकील नाही आणि नियम ठिकाणोठिकाणी वेगळे असतात. तुमच्याकडे कदाचित नंतरची तपासणीही चालत असेल. तरीही माझे मत ठाम आहे: लेखी परवानगी हातात येईपर्यंत व्ही८चा एकही नट सैल करू नका, आणि परवानगी आल्यावर काढलेले इंजिनसुद्धा नव्या नोंदीचा कागद घरी येईपर्यंत ताडपत्रीखाली ठेवा. तोंडी "होऊन जाईल" या शब्दावर विसंबू नका. अर्जाची पोच घ्या, तिच्यावर तारीख आणि शिक्का घ्या, आणि ज्यांच्याशी बोललात त्यांचे पद वहीत लिहून ठेवा. धुराची मर्यादा गाडीच्या वर्षाप्रमाणे लागणार की इंजिनाच्या वर्षाप्रमाणे, हा प्रश्न अर्जातच विचारा, कारण यावर दोन टेबले दोन उत्तरे देतात.

इंजिन क्रमांकाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण आणखी दोन महिने मी तिथे गमावले. भंगारवाल्याच्या पावतीवर मी विकत घेतलेल्या टीडीआय इंजिनाच्या क्रमांकात ८ लिहिला होता आणि ब्लॉकवर ३ होता. ब्लॉकवर जुन्या रंगाचा आणि तेलकट मातीचा थर होता, त्यामुळे पावती लिहिणाऱ्याची चूक समजण्यासारखी होती. पण कार्यालयाच्या दृष्टीने ते दुसरेच इंजिन ठरले आणि ते चोरीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी माझ्यावर आली. तुमचे इंजिन अजून जमिनीवर आहे, तेव्हा आजच क्रमांक पाहा. तिथे ग्राइंडर, तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका. घासलेली जागा दिसली की तपासणाऱ्याला खाडाखोडीचाच संशय येतो. थिनरमध्ये भिजवलेले फडके त्यावर दहा मिनिटे ठेवा, मऊ कापडाने पुसा, कोरलेल्या अंकांत खडूची पूड बोटाने भरा आणि टॉर्च एका बाजूने तिरपा धरून फोटो काढा. अंक स्वच्छ उठून दिसतात. पावतीत फरक निघाला तर ती विक्रेत्याकडून आत्ताच दुरुस्त करून, मूळ डिस्कव्हरीच्या नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची प्रत सोबत घ्या. सहा महिन्यांनी तो विक्रेता तुम्हाला ओळखही दाखवणार नाही.

यांत्रिक कामाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या सुट्या भागांच्या यादीत मला व्हॅक्यूम पंप दिसला नाही, म्हणून लिहितो. पेट्रोल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला (पेडलवरचा जोर वाढवणाऱ्या भागाला) लागणारा व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून मिळतो, आणि या डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये थ्रॉटल नसल्यामुळे तिथे तो तयारच होत नाही. टीडीआयला त्यासाठी स्वतंत्र पंप असतो. तो इंजिनासोबत आला आहे का आणि ओढ देतो आहे का, हे बघा. जवळजवळ दोन टनांची गाडी उतारावर बूस्टरशिवाय थांबवावी लागणे हा जिवाशी खेळ आहे. बाकी शक्यतो सगळे एकाच डिस्कव्हरीवरून घ्या: बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे आवरण), फ्लायव्हील, क्लच, माउंटिंग, रेडिएटर, इंटरकूलर आणि त्यांचे पाइप. व्ही८चे बेल हाउसिंग या इंजिनाला बसत नाही, आणि एकेक भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करण्यात माणूस थकून जातो.

इंधनाच्या बाबतीत टाकीतला पेट्रोल इंजेक्शनचा इलेक्ट्रिक पंप काढून टाका, कारण टीडीआयचा स्वतःचा यांत्रिक फीड पंप ब्लॉकवरच असतो. टाकी आतून धुऊन पूर्ण वाळवा आणि परतीच्या नळीची जोडणी तपासा. वायरिंगला घाबरू नका. बॉशचा रोटरी इंजेक्शन पंप पूर्ण यांत्रिक आहे, त्याला चालू राहण्यासाठी फक्त स्टॉप सोलेनॉइडला (डिझेल बंद-चालू करणाऱ्या विद्युत झडपेला) १२ व्होल्ट लागतात, शिवाय थंड इंजिन सुरू करायला लागणाऱ्या ग्लो प्लगसाठी रिले आणि जाड वायर लागेल. इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर बदला, आधीच्या मालकाने तो कधी बदलला असे सांगितले असले तरीही. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि सगळा खटाटोप वाया जातो.

ॲव्हरेजचे म्हणाल, तर माझ्या गाडीने पेट्रोलवर लिटरला साडेपाच किलोमीटर दिले आणि आता ती साडेनऊ देते, तेही ताशी ९० किलोमीटरच्या आत, छतावरची जाळी काढून आणि मूळ मापाच्या टायरवर. वेग ११० झाला की हा आकडा झपाट्याने खाली येतो, कारण गाडीचा आकार कपाटासारखा आहे आणि हवेला त्याच्याशी झगडावे लागते. ताकदीबद्दलही अपेक्षा आधीच ठरवून घ्या. इंजेक्शनवाल्या साडेतीन लिटरच्या व्ही८ची १६५ अश्वशक्ती सोडून तुम्ही १११वर येत आहात. चढावर, चिखलात आणि दगडांवर मला त्याची उणीव जाणवत नाही, कारण २६५ न्यूटन-मीटरचा टॉर्क मिनिटाला अवघ्या १८०० फेऱ्यांवर हाती येतो. मोठ्या रस्त्यावर एखाद्या ट्रकला ओलांडताना मात्र जाणवते. ती कसर भरून काढायला इंजेक्शन पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. एक्झॉस्टचे तापमान दाखवणारे मीटर बसवल्याशिवाय ते करू नका, आणि तपासणी होईपर्यंत तर त्या स्क्रूला हातच लावू नका. काळा धूर दिसला की तुमचा अर्ज तिथेच अडकेल.

एक गोष्ट काहींना आवडणार नाही, पण सांगतो. वर्षाला २०,००० किलोमीटर चालवत असाल तर माझ्या आकड्यांनी साधारण १५०० लिटर इंधन वाचते आणि हा सगळा त्रास सार्थकी लागतो. वर्षाला ४,००० किलोमीटरच होत असतील, तर वाचणारे इंधन ३०० लिटर आहे, आणि अशा वेळी चांगल्या स्थितीतले व्ही८ नीट ट्यून करून तेच चालवावे असे माझे स्पष्ट मत आहे. तुमचे वर्षाचे चालवणे किती, ते तुम्ही लिहिलेले नाही.

मेकॅनिकला आजच फोन करून पुढच्या आठवड्याचे काम थांबवा. त्याला वेळ रिकामा जातो असे वाटत असेल, तर जमिनीवरच्या टीडीआयचा बेल्ट, वॉटर पंप आणि क्लच त्याच्याकडून करून घ्या. त्या कामाला कोणाची परवानगी लागत नाही. तुमच्याकडच्या कार्यालयाने पूर्वपरवानगीबद्दल काय लेखी दिले, ते मला कळवा. अभियंत्याच्या अहवालात कोणते मुद्दे असावेत, त्याची माझी यादी जपून ठेवलेली आहे. ती मी तुम्हाला पाठवीन.