लिम्फोमा ‘सामान्य’ असतो का?

प्रश्न असा आलाय: काकांच्या गाठीचा रिपोर्ट आला. सोबतच्या मराठी माहितीपत्रकात ‘नॉन-हॉजकिन हा लिम्फोमाचा सर्वांत सामान्य प्रकार आहे’ असं छापलंय (लिम्फोमा म्हणजे बहुधा लसीका ग्रंथींत सुरू होणारा कॅन्सर). घरचे म्हणतात, सामान्य आहे म्हणजे घाबरायला नको. शिवाय ‘नॉन’ म्हणजे तो आजार नाहीच, असं आहे का?

दोन्हीचं उत्तर नाही असंच आहे, पण चूक घरच्यांची नाही, वाक्याची आहे. मराठीत सामान्य म्हणजे साधा, विशेष काही नसलेला: सामान्य माणूस, सामान्य कुवत. इंग्रजीतल्या ‘कॉमन’वर हा शब्द डोळे मिटून चिकटवला, की किती जणांना होतो हे सांगायला निघालेलं वाक्य किती सौम्य आहे हे सांगू लागतं.

इथे तर प्रकार जवळजवळ उलटा आहे. २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार कॅन्सरचे नवे रुग्ण सुमारे १ कोटी ९३ लाख. त्यांत नॉन-हॉजकिनचे साधारण ५ लाख ४४ हजार, हॉजकिनचे ८३ हजार. म्हणजे लिम्फोमाच्या आठांपैकी सात जण नॉन-हॉजकिनचे, पण सगळे कॅन्सर धरले तर शंभरात जेमतेम तीन. नॉन-हॉजकिनमध्येही जो सर्वाधिक आढळतो, तो ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल’, झपाट्याने वाढणारा आहे (उपचारांनी अनेक जण पूर्ण बरे होतात, हेही सांगायला हवं). आणि कमी आढळणारा हॉजकिन उपचारांना उत्तम दाद देणाऱ्या कॅन्सरांत गणला जातो!

आता ‘नॉन’. टॉमस हॉजकिन या लंडनच्या डॉक्टरांनी १८३२ मध्ये लिम्फोमाच्या एका प्रकाराचं वर्णन केलं, १८६५ मध्ये सॅम्युएल विल्क्स यांनी त्याला हॉजकिनचं नाव दिलं. त्या व्याख्येत न बसणारे उरलेले सगळे लिम्फोमा मग ‘नॉन’च्या पोत्यात गेले. नॉनव्हेज म्हटल्यावर जेवणच नाही असं आपण समजत नाही, आणि त्यात मटण, मासळी, अंडी सगळं येतं; तसंच हे. मराठीत ‘बिगर-हॉजकिन’ चालेल. बिगरशेती जमीन ही जमीनच असते.

लिम्फोमाला ‘गाठीचा कॅन्सर’ म्हणणं मात्र मला पटत नाही, गाठ स्तनातही येते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ती सुजलेली लसीका ग्रंथी. लिम्फोमा बहुधा अशाच ग्रंथींत सुरू होतो. जखमेतून झिरपते ती ‘लस’ आणि ही ‘लसीका’ एकाच कुळातल्या.

‘सामान्य’ऐवजी काय? ‘प्रचलित’ रूढींना आणि दरांना शोभतो. ‘सर्रास’मध्ये नापसंती डोकावते. दुसऱ्या टोकाला ‘दुर्मीळ’ ऐकलं की जुनी नाणी आठवतात. मी ते वाक्य असं लिहीन: ‘लिम्फोमाच्या बहुतेक रुग्णांना नॉन-हॉजकिन असतो.’