शाळेत नवीन मानसशास्त्रज्ञ म्हणून जाणाऱ्यासाठी

भाऊ, झेडपी शाळेत पहिल्यांदा जाशील तेव्हा टेस्टची बॅग गाडीतच राहू दे, आधी मागच्या बाकावर बसून वर्ग बघ. गुरुजी "हा ढ आहे" म्हणून पोरगं पुढे करतील, पण घरी अहिराणी नाहीतर पावरी बोलणारं पोरगं प्रमाण मराठीच्या टेस्टमध्ये कमी पडणारच ना, लगेच एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे शिकण्यातली अक्षमता) लिहून मोकळा होऊ नको, त्याला घरच्या भाषेत गोष्ट सांगायला लाव. हजेरीपट पण बघ, कापूस वेचणीत शाळा बुडते, ऊसतोडीला गेलेल्यांची तर महिनोन्‌महिने. डोळे-कान तपासून घे (हे सगळेच विसरतात). खरंच डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली अडचण, एलडीचाच प्रकार) वाटला तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात तो बसतो, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, पण त्याला सर्टिफिकेट सरकारी दवाखान्याचं लागतं, तुझा रिपोर्ट पुरत नाही, हे पालकांना नववीतच सांगून टाक.