क्लिंडामायसीनचं वर्तुळ मोठं, तरी रिपोर्टमध्ये ‘रेझिस्टंट’ का?

तुमचे तीन प्रश्न थोडक्यात असे. एक, जेंटामायसीन आणि डॉक्सिसायक्लीन दोन्ही जिवाणूंचं प्रथिन बनणं थांबवतात, मग पहिलं मारतं आणि दुसरं फक्त वाढ रोखतं, असं का? दोन, आपल्या पेशीही प्रथिनं बनवतात, त्या का वाचतात? आणि वाचत असतील तर लिनेझोलिडवर प्लेटलेट्स का उतरतात? तीन, पुवाच्या कल्चरमध्ये स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस जिवाणू) आला, क्लिंडामायसीनच्या डिस्कभोवती (औषध लावलेली चकती) चांगलं मोठं, जिवाणू न वाढलेलं वर्तुळ होतं, तरी लॅबने ‘डी-टेस्ट पॉझिटिव्ह, रेझिस्टंट’ लिहिलं.

बी.फार्म.ला ‘३०एसवाली’ आणि ‘५०एसवाली’ अशी यादी पाठ करून मार्क मिळतात, पण या तीन प्रश्नांना ती यादी पुरत नाही. औषध रायबोसोमवर (पेशीतलं प्रथिन बनवणारं यंत्र) नेमकं कुठे बसतं आणि तिथे बसून काय अडवतं, एवढं बघा.

जिवाणूचा रायबोसोम ७०एस, त्याचे भाग ३०एस आणि ५०एस. (बेरीज जुळत नाही, कारण ‘एस’ हे वजन नाही, सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसण्याच्या वेगाचं माप आहे.) लहान भाग एमआरएनए (जीनची नक्कल) वाचतो, मोठा भाग अमिनो आम्लं जोडतो आणि तयार होणारी साखळी एका बोगद्यातून बाहेर सोडतो. डॉक्सी लहान भागावर ‘ए’ जागेच्या तोंडाशी बसतं, त्यामुळे अमिनो आम्ल घेऊन येणारा नवा टीआरएनए आत टेकतच नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि क्लिंडामायसीन मोठ्या भागावर, जिथे जोड पडतो तिथेच. एरिथ्रोमायसीन आणि अझिथ्रोमायसीन बोगद्याच्या सुरुवातीला, म्हणून पाच-दहा अमिनो आम्लांची शेपटी तयार होते आणि साधारण तिथेच अडकते. लिनेझोलिडही जोडाच्या जागीच बसतं, पण ते मुळात यंत्र नीट सुरूच होऊ देत नाही.

जेंटामायसीनचं प्रकरण वेगळं आहे. ३०एसमधल्या १६एस आरएनएवर १४९२ आणि १४९३ क्रमांकाची ‘ए’ अक्षरं, म्हणजे दोन अ‍ॅडेनिन आहेत. कोडॉन (एमआरएनएवरची तीन अक्षरं) आणि अँटिकोडॉनची (टीआरएनएवरची तीन अक्षरं) जोडी बरोबर जमली तरच ते बाहेर वळतात आणि ‘चालेल’ अशी खूण देतात. जेंटामायसीन, अमिकासिन त्यांना कायमच बाहेर वळवून ठेवतात. टीसीने तिकीट न बघता सगळ्यांना गेटातून सोडावं तसं चुकीचा टीआरएनएही आत जातो. म्हणजे कारखाना थांबत नाही, चालूच राहतो, पण माल वाकडा निघतो. ही वाकडी प्रथिनं पेशीच्या पडद्यात जाऊन बसतात, पडदा गळू लागतो, त्यातून आणखी औषध आत शिरतं, आणखी चुका होतात. हे चक्र सुरू झालं की जिवाणू त्यातून परतत नाही. डॉक्सी मात्र जागेवरून सुटलं की काम पुन्हा सुरू होतं. मधल्या वेळात पांढऱ्या पेशींनी उरकायचं असतं.

यावरून जेंटामायसीनबद्दलच्या वॉर्डातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. पडदा ओलांडून आत जायला त्याला जिवाणूच्या श्वसनसाखळीची ऊर्जा लागते, ती ऑक्सिजनवर चालते. म्हणून अनएरोब्जवर (ऑक्सिजनशिवाय वाढणारे जिवाणू) ते निकामी, आणि बंद गळवात, जिथे ऑक्सिजन कमी आणि पू आम्ल, तिथेही दुबळं. गळू आधी फोडावंच लागतं. रक्तातल्या औषधाचं शिखर जितकं उंच तितका मारा जास्त, एमआयसीच्या (वाढ रोखणारी औषधाची किमान पातळी) ८ ते १० पट शिखर गाठायचं असतं. मोठ्या माणसाला दिवसातून एकदाच ५ ते ७ मिग्रॅ प्रति किलो देण्यामागे हेच गणित आहे (अमिकासिनला १५). पुढच्या डोसच्या आधीची पातळी जवळपास शून्यावर आली पाहिजे, कारण मूत्रपिंड आणि कान साचून राहिलेल्या औषधाने बिघडतात. क्रिएटिनिन वाढलं (म्हणजे मूत्रपिंड मंदावलं) की नुसता डोस घटवण्यापेक्षा दोन डोसांतलं अंतर वाढवणं बहुतेक वेळा योग्य. आणि पेनिसिलिन गटातलं औषध त्याच्याबरोबर एकाच सिरिंजमध्ये किंवा एकाच बाटलीत कधीही मिसळू नका, दोघं रासायनिक क्रिया करून जेंटामायसीन निष्प्रभ होतं. वेगवेगळं द्यायचं, मध्ये लाइन सलाइनने धुवायची.

शरीरात मात्र हीच जोडी एकमेकांना पूरक ठरते. पेनिसिलिन भिंतीला भोकं पाडतं आणि जेंटामायसीन आत जातं. एंटरोकॉकस जिवाणूच्या एंडोकार्डायटिसमध्ये (हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग) हेच वापरतात. पेनिसिलिन अधिक टेट्रासायक्लीन हा उलटा प्रकार. भिंतीवरचं औषध वाढणाऱ्या जिवाणूलाच मारतं, आणि टेट्रासायक्लीन नेमकी वाढच थांबवतं. न्यूमोकॉकस जिवाणूच्या मेंदूज्वरात ही जोडी दिलेल्या रुग्णांमध्ये नुसत्या पेनिसिलिनपेक्षा जास्त मृत्यू झाले, हे १९५१ सालीच नोंदवलं गेलं.

पण ‘स्टॅटिक’ म्हणजे कमजोर, हा समज काढून टाका. ती व्याख्या टेस्ट ट्यूबमधली आहे: २४ तासांत ९९.९ टक्के जिवाणू मेले तर ‘सायडल’, नाहीतर ‘स्टॅटिक’. तेच क्लोरॅम्फेनिकॉल बहुतेक जिवाणूंना नुसतं रोखतं आणि न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकसला मारतं. विदर्भात पावसाळ्यानंतर दिसणारा स्क्रब टायफस घ्या. त्याचा जिवाणू पेशीच्या आत राहतो, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन कितीही चढवलं तरी ताप हलत नाही, आणि ‘स्टॅटिक’ डॉक्सी १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा सुरू केलं की बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. तसा उतरला नाही तर निदानच पुन्हा तपासतात. फक्त गोळी देताना सांगा: पेलाभर पाण्याबरोबर, निदान अर्धा तास आडवं न होता. कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटली तर तिथे व्रण पडतो, आणि रुग्ण ‘छातीत जळतंय’ म्हणून अँटासिड घेतो, जे डॉक्सीला पकडून ठेवतं. लोहाची गोळी, कॅल्शियम, अँटासिड या सगळ्यांपासून दोन-तीन तास अंतर हवं.

आता दुसरा प्रश्न. आपला रायबोसोम ८०एस, आकार वेगळा, पण खरा फरक एकेका अक्षराचा आहे. १६एस आरएनएवरच्या १४०८ या जागी जिवाणूंत अ‍ॅडेनिन, आपल्या पेशीद्रवातल्या रायबोसोममध्ये ग्वानिन (‘जी’ अक्षर). जेंटामायसीनला तिथे नीट बसता येत नाही. मोठ्या भागातल्या २३एस आरएनएवर २०५८ या जागीही तसंच, म्हणून अझिथ्रोमायसीन आपल्याला सोडतं. टेट्रासायक्लीनचा भरवसा थोडा वेगळा आहे. ते आपल्याही रायबोसोमला काहीसं चिकटू शकतं, पण जिवाणू त्याला पंप करून आत साठवतात, आपल्या पेशी साठवत नाहीत.

गोची मायटोकॉन्ड्रियात होते. मायटोकॉन्ड्रिया हे मूळचे जिवाणूच, त्यांचा रायबोसोम अजून त्या घराण्याची ओळख ठेवून आहे. लिनेझोलिड आणि क्लोरॅम्फेनिकॉल तिथेही बसतात. ज्या पेशी भराभर विभागतात (अस्थिमज्जा) किंवा ज्यांना ऊर्जा सतत लागते (दृष्टिनाडी, पायांच्या नसा) त्यांना आधी झळ लागते. म्हणून लिनेझोलिड ६०० मिग्रॅ दर १२ तासांनी दिलं की साधारण दोन आठवड्यांनंतर प्लेटलेट्स आणि हिमोग्लोबिन घसरू लागतात. दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हवाच. महिनाभराच्या पुढे गेलं की रंग फिके दिसणं, अक्षरं धूसर होणं, तळपाय मुंग्यांनी भरणं. औषधरोधी टीबीच्या बीपाल-एम या चार औषधांच्या उपचारात हेच औषध रोज ६०० मिग्रॅ अनेक महिने घ्यायचं असतं, तेव्हा प्रत्येक भेटीत रंगांच्या तक्त्याची तपासणी टाळू नये. डोळ्यांचं लवकर पकडलं तर बरंचसं परत येतं, पायांच्या नसांचं बऱ्याचदा येत नाही. (लिनेझोलिडचा नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्यांशी होणारा संघर्ष रायबोसोममुळे नाही. ते एमएओ हे एन्झाइमही अडवतं, त्याचा तो हिशेब.)

मायटोकॉन्ड्रियाचंच दुसरं उदाहरण: काही कुटुंबांत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत १५५५ क्रमांकावर ए ऐवजी जी असतो. या एका अक्षराने तिथला रायबोसोम नेमका जिवाणूसारखा होतो, आणि जेंटामायसीनच्या नेहमीच्या डोसानेही कायमचं बहिरेपण येऊ शकतं. हा दोष आईकडूनच येतो. म्हणून जेंटामायसीन किंवा स्ट्रेप्टोमायसीन सुरू करण्याआधी ‘आईच्या माहेरी कुणाला इंजेक्शननंतर ऐकू येईनासं झालं होतं का’ एवढं विचारायला अर्धा मिनिट लागतो.

तिसरा प्रश्न, माझ्या मते तिघांत सर्वांत रंजक. काही स्टॅफमध्ये एर्म नावाचा जीन असतो. त्यापासून तयार होणारं एन्झाइम २३एस आरएनएवर २०५८ च्या अ‍ॅडेनिनला मिथाइल चिकटवतं. त्या एका मिथाइलने एरिथ्रोमायसीन, अझिथ्रोमायसीन, क्लिंडामायसीन सगळीच बसेनाशी होतात, कारण तिघांची बैठक त्याच शेजारात आहे. पण हे एन्झाइम सतत बनवणं जिवाणूला महागात पडतं, म्हणून तो जीन झाकून ठेवतो. झाकण कसं उघडतं ते बघा: एर्म-सी या प्रकाराच्या एमआरएनएच्या सुरुवातीला १९ अमिनो आम्लांचा एक छोटासा तुकडा आहे. एरिथ्रोमायसीन नसताना रायबोसोम तो सरसर वाचून जातो, आणि पुढचा भाग वळून गाठ मारून बंद राहतो. एरिथ्रोमायसीन असलं की रायबोसोम नवव्या अमिनो आम्लावर अडकतो. तो अडकला की गाठ सुटते आणि एन्झाइम बनू लागतं. म्हणजे आपलं औषध ज्या कृतीने मारायला जातं, तीच कृती जिवाणूने धोक्याची घंटा म्हणून वापरली आहे. क्लिंडामायसीन ही घंटा फारशी वाजवत नाही, म्हणून एकटी डिस्क ठेवली तर वर्तुळ मोठं दिसतं. उपचार चालू असताना मात्र झाकण कायम उघडं असलेले म्युटंट (जीनमध्ये बदल झालेले जिवाणू) निवडले जातात आणि जखम पुन्हा वाहू लागते.

डी-टेस्ट हेच उघडं पाडते. म्युलर-हिंटन अगर (जिवाणू वाढवायचं माध्यम), जाडी ४ मिमी, ०.५ मॅक्फरलंडचा (गढूळपणाचं माप) जिवाणूंचा सस्पेंशन, सगळ्या प्लेटवर एकसारखा स्वॅब. एरिथ्रोमायसीन १५ मायक्रोग्रॅमची डिस्क, तिच्या कडेपासून क्लिंडामायसीन २ मायक्रोग्रॅमची डिस्क १५ ते २६ मिमीवर. ३५ अंशांवर १६ ते १८ तास. एरिथ्रोमायसीनकडच्या बाजूने क्लिंडामायसीनचं वर्तुळ चपटं झालं, इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखं, तर पॉझिटिव्ह. एरिथ्रोमायसीनला रेझिस्टंट आणि वर्तुळ पूर्ण गोल, म्हणजे बहुधा एर्मचं नव्हे, एमएसआर-ए या दुसऱ्या जीनचं काम, तिथे क्लिंडामायसीन चालतं.

चुका कुठे होतात? डिस्पेन्सरने डिस्क टाकताना या दोन्ही लांब पडतात, आणि चपटेपणा दिसतच नाही. त्या दोघींची जागा आधीच शेजारी ठरवून घ्यावी लागते. दुसरी चूक वाचताना: वर्तुळ गोल, पण आत धुरकट वाढ. ती दुर्लक्षून ‘एस’ (औषध चालतं) लिहितात. ती वाढ डी नसली तरी रेझिस्टंटच. प्लेट तिरपी धरून मागून प्रकाश पाडून बघा.

तुमच्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये डी-टेस्ट पॉझिटिव्ह आहे, म्हणून वर्तुळाचे मिलिमीटर कितीही असोत, लॅबने बरोबर लिहिलं आहे. अँटिबायोग्रामवर (कोणतं औषध चालतं याचा तक्ता) पुढचा पर्याय बघताना डॉक्सी आणि लिनेझोलिडच्या ओळी स्वतंत्र वाचा, एर्मचा त्यांच्याशी संबंध नाही. अझिथ्रोमायसीनची ओळ नसली तरी एरिथ्रोमायसीनचा ‘आर’ (रेझिस्टंट) तिलाही लागू.