पाणी डाव्या पायाशी, भोक भलतीकडेच

गाडी आणि तुम्ही : वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेले प्रश्न सगळे एकाच जातीचे आहेत. गाड्या जुन्या, पाऊस जोराचा, आणि आत ओल.

प्रश्न : माझी हॅचबॅक 2009 ची आहे. मोठी सर येऊन गेली की पुढच्या डाव्या सीटसमोरचं कार्पेट ओलं होतं. प्रत्येक पावसात होतं असं नाही. दोन गॅरेजांत समोरच्या काचेच्या कडेने सिलिकॉन भरून झालं, फरक शून्य. आता काय करू? (चिपळूण)

उत्तर : आधी सिलिकॉनची ट्यूब बाजूला ठेवा. पाणी कुठून येतंय ते कळल्याशिवाय काहीही बुजवायचं नाही. दुसरं म्हणजे हे पाणी पावसाचंच आहे का, ते पाहा. डाव्या पायाशी पाणी यायला तीन वाटा असतात. एसीचं पाणी स्वच्छ असतं आणि कोरड्या दिवशीही येतं. दमट हवेत एसी वीस मिनिटं चालवून गाडीखाली बघा. पुढच्या बाजूला थेंबांचं छोटं थारोळं दिसलं पाहिजे. नसेल तर एसीची निचरा-नळी तुंबली आहे आणि ते पाणी आत सांडतंय. खालच्या टोकातून मऊ नायलॉनची दोरी सरकवून ती मोकळी होते. तार घालू नका, नळी फाटते. दुसरी वाट हीटरची. तिथून येतं ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. ते बोटाला चिकट लागतं, गोडसर वास येतो, काचेवर तेलकट धुकं धरतं आणि बॉनेटखालच्या डब्यातली पातळी उतरत जाते. या दोन्ही खुणा नसतील तर पाणी पावसाचं.

तुमच्या गाडीत ते बहुधा वायपरखालच्या खोलगट भागातून येतंय. मेकॅनिक त्याला काऊल म्हणतात. समोरच्या काचेवरचं सगळं पाणी या पन्हळीत उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकामागे खाली पडतं. आपल्याकडच्या गाड्यांत ब्लोअर, म्हणजे आत हवा फेकणारा पंखा, डाव्या बाजूला असतो आणि तो बाहेरची हवा याच पन्हळीतून ओढतो. गुलमोहराची बारीक पानं, अशोकाचा पाला आणि धूळ यांचा लगदा होऊन डावं भोक बुजलं की पाणी चढत जातं, ब्लोअरच्या तोंडाची कड ओलांडतं आणि तुमच्या पायाशी येतं. कधी होतं, कधी नाही, याचंही उत्तर इथेच आहे. रिमझिमीत अर्धवट बुजलेलं भोक पुरतं, धो धो पावसात पुरत नाही. गाडी डावीकडे कलती उभी असेल तर आणखी कमी पुरतं. गाडी लावता त्या जागेचा उतार बघून घ्या.

पुरावा हवा असेल तर ग्लोव्ह बॉक्स काढून केबिन फिल्टर बाहेर ओढा. फिल्टर ओला, डागाळलेला किंवा त्यावर पानांचा चुरा असेल तर पाणी ब्लोअरच्या तोंडातूनच आलंय. फिल्टर कोरडा आणि कार्पेट ओलं असेल तर फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, गेलेल्या वायरिंगचे ग्रोमेट (भोकात बसणाऱ्या रबरी कड्या) तपासा. नंतर बसवलेल्या हॉर्नची किंवा स्टिरिओची वायर ग्रोमेटशिवाय भोकातून घातलेली असली की पाणी वायरीवरून घसरत थेट आत येतं. अशा वायरीला ग्रोमेट घाला, आणि भोकाच्या बाहेर तिला खाली झोका द्या, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकून जाईल.

काऊल साफ करायला वायपरचे हात काढावे लागतात. काढण्याआधी ब्लेड काचेवर जिथे टेकतं तिथे चिकटपट्टी लावून खूण करा. टोपीखालचा नट बहुतेक 12 किंवा 14 चा असतो. हात दातेरी दांड्यावर घट्ट बसलेला असतो. तो डावी-उजवीकडे हलवत सुटतो, हातोडी मारायची नाही. मग प्लास्टिकची जाळी. पंधरा वर्षं उन्हात तापलेल्या क्लिपा मोडणारच, पाच-सहा नव्या जवळ ठेवा. कचरा हाताने उचला, उरलेला व्हॅक्यूमने ओढा. पाण्याचा फवारा मारलात तर तोच लगदा भोकात जाऊन आणखी घट्ट बसेल, आणि नेमकी हीच चूक होते. काही गाड्यांत भोकाच्या टोकाला चपटी रबरी चोच असते. ती बोटांनी दाबून मोकळी करा. शेवटी दोन्ही बाजूंना एकेक लिटर पाणी सावकाश ओता. चाकामागून धार लगेच पडली पाहिजे. भोकं मोकळी असूनही आत थेंब दिसला तर ब्लोअरच्या तोंडाभोवतीचं फोम गॅस्केट किंवा पत्र्याच्या जोडावरचा सीलंट फाटलाय. तो जोड कोरडा करून पत्र्याच्या जोडासाठी मिळणारा सीम सीलंट भरायचा.

प्रश्न : मेकॅनिक पाइप लावून गाडीवर पाणी मारतो, आत बघतो, पाणी चारीकडून येतंय असं वाटतं. नेमकी जागा शोधायची पद्धत कोणती? (डोंबिवली)

उत्तर : त्याचा क्रम उलटा आहे. छतावर पाणी मारलं की ते सगळ्या फटींवरून खाली वाहतं, मग दोष कोणाला देणार? खालून वर जायचं.

सुरुवात कोरड्या गाडीपासून. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिक पट्टी काढा, कार्पेट उचला, खालचा फोम बाहेर ओढा आणि उघडा पत्रा फडक्याने पुसून घ्या. संशयाच्या जागी टाल्कम पावडर किंवा बारीक रांगोळी भुरभुरवा. ओघळ आला की पावडरीत रेघ उमटते आणि ती रेघ वर कुठे जाते ते दिसतं. बाकी भागावर वर्तमानपत्र अंथरा. एक जण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर झारी घेऊन. बागेची दहा लिटरची झारी पाइपपेक्षा चांगली, धार मऊ राहते आणि हवी तिथेच पडते. प्रेशर वॉशर नकोच. तो चांगल्या रबराखालीही पाणी घुसवतो आणि खोटी गळती दाखवतो.

आधी दाराची खालची कड, मग दाराची काच, मग काऊलचे कोपरे, मग समोरच्या काचेची कड, सर्वांत शेवटी छताची पन्हळ. प्रत्येक जागी पाच मिनिटं पाणी, मग पाच मिनिटं नुसती वाट. ही वाट पाहणं महत्त्वाचं, कारण छतावर शिरलेलं पाणी खांबाच्या पोकळीतून उतरून पायाशी यायला वेळ घेतं. इथे घाई केली की काच निर्दोष असताना काचेला फाशी होते. जिथे थेंब दिसला तिथे थांबा, बाकीचं उद्या.

दाराच्या रबरासाठी पाण्याचीही गरज नाही. कागदाची दोन बोटं रुंद पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. एखाद्या जागी सुळकन निघाली तर तिथे रबर चेपलंय किंवा दार बिजागरीवर उतरलंय. दुसरं असेल तर नवं रबर घालून काही होणार नाही. आधी डेंटरकडून दार बसवून घ्या.

आणि गाडी उभी असताना कधीच येत नाही, साचलेल्या पाण्यातून नेली की येतं, असं असेल तर वर शोधणं सोडा. फ्लोअरच्या पत्र्यातल्या रबरी बुचांपैकी एखादं निघालंय, किंवा पत्रा सडलाय.

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यात पॉवर विंडोची मोटर बदलली. तेव्हापासून पावसात त्या दाराजवळचं कार्पेट भिजतं. काचेचं बाहेरचं रबर नवं टाकलं तरी तेच. (नाशिक)

उत्तर : काचेच्या बाहेरचं रबर पाणी अडवण्यासाठी नसतं, कचरा अडवण्यासाठी असतं. पाणी दारात जातंच, जावं अशीच रचना आहे. ते आतल्या बाजूने उतरून दाराच्या तळाच्या दोन-तीन भोकांतून बाहेर पडतं. गाडीच्या आतला भाग कोरडा ठेवतो तो दाराच्या पॅडमागचा (आतल्या आवरणामागचा) प्लास्टिकचा पडदा. मोटर बदलताना तो फाडून काढला जातो आणि चार ठिकाणी सेलोटेप लावून परत अडकवला जातो, किंवा फेकूनच दिला जातो. तुमचा दोष बहुतेक इथेच आहे.

पॅड काढून बघा. पडदा शाबूत असेल तर जुना काळा ब्युटाइल (चिकट रबरी डिंक) हेअर ड्रायरने कोमट करून पुन्हा दाबला की चिकटतो. गेला असेल तर जाड पॉलिथिन कापून नवा करा. नवी ब्युटाइल दोरी सलग, कुठेही न तोडता लावायची. ज्या पत्र्यावर लावणार तो स्वच्छ पुसून पूर्ण वाळवा. सगळ्यांत जास्त चुकतं ते खालच्या कडेला. पडद्याची खालची कड दाराच्या पोकळीत आत वळवायची असते, म्हणजे त्यावरून ओघळणारं पाणी दारातच पडेल. ती बाहेर राहिली की पडदा पन्हळीसारखा पाणी सरळ कार्पेटवर सोडतो. स्पीकर बदलला असेल तर त्याभोवतीचं गॅस्केटही बघा.

पॅड परत लावण्याआधी काचेवर झारी रिकामी करून पडदा कोरडा राहतो का पाहा. तळाच्या भोकांत उदबत्तीची काडी फिरवा. ब्रेक मारल्यावर दारातून खळखळ ऐकू येत असेल तर ती भोकं आधीच बुजलेली आहेत, आणि दाराचा तळ आतून गंजायला लागलेला असणार.

प्रश्न : घरची 1997 ची मारुती 800 अजून चालू स्थितीत आहे. समोरच्या काचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून पाणी येतं. काच काढून पेस्टिंग करून घ्यावं का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. या गाडीची काच रबरात बसवलेली आहे, नव्या गाड्यांसारखी पीयूने (पॉलियुरेथेनच्या गोंदाने) चिकटवलेली नाही. अँबॅसिडर आणि पद्मिनीही याच घराण्यातल्या. रबर जुनं झालं की आकसतं आणि पहिल्यांदा कोपरे सोडतं.

रबर अजून मऊ असेल तर कुल्फीच्या काडीने ओठ उचलून आतली माती काढा, वाळू द्या, आणि काचेसाठी मिळणारा न सुकणारा सीलंट आधी काच व रबर यांच्यामध्ये, मग रबर व पत्रा यांच्यामध्ये भरा. साधं सिलिकॉन इथे नको. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते उघड्या पत्र्याला गंज लावतं, आणि एकदा सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर पुढे रंगही नीट धरत नाही.

रबर कडक होऊन चिरलं असेल, किंवा कोपऱ्याजवळ रंगाला फोड आले असतील, तर काच उतरवावीच लागेल. फोडाखाली गंज आहे आणि वरून ओतलेला कुठलाही सीलंट तो थांबवत नाही. पत्रा घासून चकचकीत करा, भोकं पडली असतील तर वेल्डिंग, मग इपॉक्सी प्रायमर आणि रंग, आणि पूर्ण वाळल्यावरच काच. नवं रबर आधी काचेवर चढवतात. त्याच्या खाचेत चार-पाच मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी सगळीकडून फिरवून दोन्ही टोकं खालच्या मध्यावर एकमेकांवर घ्यायची. साबणाचं पाणी लावून काच जागेवर टेकवायची. एकाने आतून दोरी ओढायची, दुसऱ्याने बाहेरून तळहाताने थोपटत जायचं. रबराचा ओठ पत्र्यावर आपोआप उलटतो. कोपऱ्यात अडलं तर ताकद लावू नका, दोरी मागे घ्या. जुनी काच तडकते ती याच क्षणी.

प्रश्न : डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात बोटभर पाणी साचतं. डिकीचं रबर नवं आहे. खालचं बूच काढून ठेवलं तर चालेल का? (मडगाव)

उत्तर : चालणार नाही. त्या भोकातून रस्त्यावरचं पाणी उडून आत येतं आणि सायलेन्सरचा धूरही. पाणी ओतून टाकायला बूच काढा, लगेच परत बसवा.

स्टेपनी आणि अस्तर काढा, मागची सीट पाडा, एकाला टॉर्च देऊन आत बसवा आणि डिकी बंद करून बाहेरून झारी चालवा. किल्ली बाहेरच्याकडे राहू द्या. पहिला संशय मागच्या दिव्यांवर. त्यांचं फोम गॅस्केट दहा-बारा वर्षांत चपटं होतं. दिवा काढून नवं लावा आणि नट बेताने आवळा, जास्त पिळला की दिव्याचं प्लास्टिक तडकतं आणि गळती पुन्हा सुरू. दुसरा संशय बंपरमागच्या हवेच्या झडपांवर. दार लावताना आतली हवा बाहेर जावी म्हणून त्या असतात, आणि मागून ठोकर बसलेल्या गाडीत त्यांची चौकट सुटलेली सापडते. मग तिसरा ब्रेक लाइट, अँटेनाचा तळ, कॅरियरचे बोल्ट.

पाऊस नसतानाही ओल येत असेल तर मागच्या वायपरचा फवारा मारून बघा. त्याची पाण्याची नळी छताच्या अस्तरामागून मागे गेलेली असते, आणि बिजागरीजवळ तिचा सांधा सुटतो.

प्रश्न : गळती बंद झाली, पण कुबट वास जात नाही. परफ्यूम, डांबरगोळ्या, सगळं झालं. (ठाणे)

उत्तर : वास कार्पेटच्या खालच्या फोममध्ये आहे. वरून कार्पेट कोरडं लागतं आणि खाली फोम पिळला तर पाणी निघतं. तो बाहेर काढल्याशिवाय सुटका नाही. सीटचे चार बोल्ट काढावे लागतील. सीटखाली पिवळे कनेक्टर असतील तर ते एअरबॅगचे किंवा बेल्टचे आहेत. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, दहा मिनिटं थांबा, मगच हात लावा. इग्निशन चालू असताना ते सोडवायचे नाहीत. काही गाड्यांत डाव्या कार्पेटखाली वायरिंगचे जोड किंवा कंट्रोल युनिट असतं, तिथे हिरवट गंज दिसला तर ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा.

फोम साबणाच्या पाण्यात धुऊन घरात पंख्याखाली उभा करून वाळवा. पावसाळ्यात चार-पाच दिवस लागतात. काळे ठिपके धरले असतील तर टाकून द्या, नवा फोम त्याच जाडीचा कापून घ्या. तो कमी जाड घेतला तर कार्पेट ढिलं पडून पेडलखाली सरकतं. तोवर पत्र्यावरचा गंज वायर ब्रशने काढून प्रायमर मारून घ्या. गाडी रोज चालवत असाल तर एसी आतल्या हवेवर आणि थोडा हीटर असं अर्धा तास ठेवा. आतली हवा फिरत राहते आणि ओल एसीच्या नळीतून बाहेर ठिबकते.